अलीकडची निळी, पलीकडची हिरवी

“खरं सांग, तुला निळी बरी वाटते की हिरवी?”

तपासनिसांनी हा प्रश्न सकाळच्या चहाला विचारला, तेव्हा शिवणकाकू सुईत दोरा ओवत होत्या. त्यांनी वर न बघता सांगून टाकलं, “निळी.”

“का बरं?”

“बरं, मग हिरवी.”

“हे असं नाही चालत. आधी निळी म्हणालीस, त्याला काही कारण असेल की नाही?”

“कारण एवढंच, की एकदाची कुठली तरी घ्या आणि माझं डोकं खायचं थांबवा!” काकू म्हणाल्या, आणि या वाक्याच्या भरात दोरा सुईच्या नेढ्यातून निसटला तो निसटलाच.

तपासनीस नोकरीतून निवृत्त झाले होते, पण नोकरी काही त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. उभी हयात त्यांनी वजनंमापं तपासण्यात घालवली. दुकानादुकानांतून फिरायचं, तराजू बघायचे, खोटी मापं पकडायची आणि दुकानदाराच्या तोंडचं पाणी पळवायचं. या धंद्यातून त्यांनी दोन तत्त्वं घरी आणली होती. पहिलं म्हणजे, कुठलीही वस्तू एकटी तपासायची नाही. तिच्या जोडीला तशीच दुसरी हवी. दुसरं म्हणजे, विकणाऱ्याकडून पाण्याचा घोटही घ्यायचा नाही, नाहीतर माणूस मिंधा होतो आणि मिंध्या माणसाला काटा सरळच दिसतो. या दोन तत्त्वांपायी त्यांच्या घरात फ्रीज यायला दोन उन्हाळे लागले होते. शिवणकाकूंनी दोन्ही उन्हाळे माठावर काढले आणि शेजारणींना सांगितलं, की आमच्याकडे अजून फ्रीजची चौकशी चालू आहे.

शिवणकाकू म्हणजे गल्लीतल्या निम्म्या लोकांचे कपडे शिवणाऱ्या बाई. हात स्वच्छ, टाका बारीक आणि तोंड जरा फटकळ. या निळ्या-हिरव्या बोटीची हौस त्यांना नव्हती. हौस होती त्यांच्या वडिलांना, म्हणजे नानांना.

नाना गावालगतच्या तलावावर नाव चालवायचे. या काठावरून त्या काठावर माणसं न्यायची, त्या काठावरून या काठावर आणायची, यात त्यांची जवानी गेली. पुढे तलावाला वळसा घालून पक्का रस्ता झाला आणि नाव बंद पडली. मग नानांचे गुडघेही बंद पडले. आता ते लेकीच्या घरी चाकाच्या खुर्चीत बसून असत आणि कशाबद्दल म्हणून तक्रार करत नसत. फक्त एकदा, काकू त्यांच्या सदऱ्याचं बटण लावत होत्या तेव्हा, ते म्हणाले होते, “पोरी, मरायच्या आधी एकदा मला पाण्यावर ने.”

काकूंनी तिथल्या तिथे शब्द दिला. पण साध्या होडीत खुर्ची चढेना, आणि खुर्चीशिवाय नाना चढेनात. मग कुणीतरी पाँटून बोटीचं सुचवलं. ही बोट म्हणजे मुळात तरंगता ओटाच. खाली दोन लांबलचक बंद नळकांडी, त्यांच्यावर सपाट फळ्या, भोवती कठडा, वर कापडी छत आणि मागे इंजिन. फळी टाकली की खुर्ची सरळ आत. काकूंची शिलाई आणि तपासनिसांची शिल्लक मिळून ती परवडत होती. सगळं जुळून आलं होतं, फक्त बोट निवडायचं काम तपासनिसांकडे गेलं.

तिथेच घोडं पेंड खायला बसलं.

बोटी विकणारी दुकानं तलावावर दोनच. अलीकडच्या काठावर थोरल्या भावाचं आणि पलीकडच्या काठावर धाकट्याचं. दोघं सख्खे भाऊ, पण वाटणीवरून असे काही फाटले होते म्हणतात, की एकमेकांचं नाव काढलं तरी चूळ भरतील. थोरल्याकडे निळ्या छताची बोट होती, धाकट्याकडे हिरव्या छताची. लांबी तीच, रुंदी तीच, बाकं तशीच. एका काठावरून दुसऱ्या काठावर जायला मोटारीनं चांगला तासभर लागे, कारण रस्ता डोंगराच्या कुशीतून नुसता वळणं घेत जायचा. नानांना ती वळणं सोसत नसत. जन्मभर लाटांवर काढलेल्या या माणसाला मोटारीत मात्र ढवळायचं. त्यामुळे दर वेळी त्यांना थोरल्याच्या दुकानाच्या पडवीत, पाण्याकडे तोंड करून बसवायचं आणि नवरा-बायकोनं पलीकडे जाऊन यायचं, असा शिरस्ता पडून गेला.

“निदान एक चक्कर तरी मारून बघू द्या ना नानांना,” काकूंनी पहिल्याच दिवशी विनवलं होतं. “तो थोरला स्वतःहून म्हणतोय, बसा म्हणून.”

“म्हणणारच! फुकट फेरी मारली की आपण मिंधे. मग नाही कसं म्हणायचं? घरातल्या कुणीही पाय ठेवायचा तो तपासणीपुरता, आणि तोही बांधलेल्या बोटीत.”

“अहो, नानांचं आता वय काय! आणि वाऱ्याचे दिवस तोंडावर आलेत. एकदा वारा सुटला की बोटी शेडमध्ये जातात, मग पुढच्या वर्षापर्यंत नाव नको.”

“म्हणून घाईनं चूक करायची?”

काकूंनी हात टेकले. तेव्हापासून खेटे सुरू होते. दर सुट्टीला आधी निळी, मग वळणं, मग हिरवी, मग पुन्हा वळणं. तपासनीस टेप लावत, सपाटी बघायला पाणसळ ठेवत, कठड्यावर टिचक्या मारत, कान लावून ऐकत. त्यांना फरक सापडतही होते. निळीचा कठडा सुताभर उंच भरला. हिरवी थोडी उजवीकडे कलती वाटली, तर निळी डावीकडे. इंजिनं मात्र दोन्हीकडे बघावं तेव्हा कोमट. “भाऊ भांडखोर असतील, पण निगा राखतात,” तपासनीस म्हणाले. “रोज चालू करून ठेवत असणार. नाहीतर हल्ली कोण करतं एवढं!”

नानांची साथ मिळेल असं काकूंना वाटलं होतं. पण तेही जावयाच्या वळणावर गेले. तपासनीस जरा निर्णयाच्या जवळ आले, की पडवीतून नानांचा आवाज यायचा, “जावईबापू, ते पलीकडच्या बोटीचं दार आत उघडतं की बाहेर?” झालं! तपासनिसांचा चेहरा पडायचा. दाराकडे बघायचं राहूनच गेलेलं असायचं. मग पुन्हा मोटार, पुन्हा वळणं. एकदा दार झालं, एकदा छताच्या काठ्या झाल्या, एकदा बाकाखालचे कप्पे. काकूंच्या तळपायाची आग मस्तकात जायची. ज्या माणसासाठी हा सगळा खटाटोप, त्यानंच खोडा घालावा म्हणजे काय!

“नाना, तुम्ही गप्प बसा बरं! तुम्हाला पाण्यावर जायचंय की नाही?”

“जायचंय की,” नाना शांतपणे म्हणायचे. “पण वस्तू पारखून घ्यावी. जावईबापूंचं बरोबर आहे.”

जावईबापूंचं बरोबर आहे, असं या घरात आजवर कुणी म्हटलं नव्हतं. त्यामुळे तपासनिसांना भलताच हुरूप आला होता.

त्या दिवशी सकाळीही चहा झाल्यावर ते तिघं निघाले. नानांनी स्वतःहून सदरा बदलला, केस चापून बसवले आणि खुर्ची मोटारीत घडी करून ठेवेपर्यंत दोनदा “चला, चला” म्हणाले. काकूंच्या मनात आलं, बिचाऱ्यांना निदान पाणी तरी दिसतं तिथे. उन्हात बसून बसून म्हाताऱ्याचा चेहरा रापला होता आणि घरी आल्यावर ते हल्ली दोन घास जास्त जेवत होते. तेवढंच काय ते चांगलं.

थोरल्याच्या दुकानापाशी निळी बोट धक्क्याला बांधलेली होती. थोरला हात चोळत पुढे आला. “या साहेब! आज तरी ठरवणार ना? त्या पलीकडच्या लबाडाकडे नका हो जाऊ. त्याच्या बोटीला दोन पावसाळे पाणी लागलं, की फळ्या उठतात.”

“ते मी ठरवीन,” तपासनीस म्हणाले, आणि टेप काढून कामाला लागले.

काकू मागच्या बाकावर टेकल्या. टेकल्या टेकल्या त्यांचा हात बाकाच्या गादीवरून फिरला आणि कोपऱ्यात थबकला. शिवण उसवली होती, चांगली वीतभर. आतला स्पंज बाहेर डोकावत होता. उसवलेली शिवण समोर असताना हात बांधून बसणं हे काकूंच्या हातून होण्यासारखं नव्हतं. ते त्यांना उतू जाणाऱ्या दुधाकडे बघत बसल्यासारखं वाटे. त्यांनी पिशवीतून सुई काढली. नेमका दोरा नारिंगी निघाला, सकाळी कुणाच्या तरी पडद्यासाठी काढलेला. “असू दे, कोण बघतंय,” असं म्हणून त्यांनी ती शिवण बारीक उलट्या टाक्यांनी घातली आणि शेवटी आपल्या सवयीची दुहेरी गाठ मारली.

“अगं, काय करतेस? विकणाऱ्याची वस्तू दुरुस्त करून देतेस?”

“घोट नाही ना घेतला त्याच्याकडून? मी दिलाय. मिंधा झाला तर तो होईल.”

तपासनिसांनी यावर विचार केला आणि त्यांना त्यात खोट सापडली नाही. त्यांनी खडू काढला आणि आज पहिल्यांदाच इंजिनाशेजारच्या पत्र्यावर खूण केली. ही त्यांची नोकरीपासूनची रीत. वस्तू तपासून झाली की एक गोल आणि गोलात बरोबरची खूण. पसंत पडली की खाली एक आडवी रेघ. रेघ काही त्यांनी अजून मारली नव्हती. नोकरीतसुद्धा त्यांच्या रेघेसाठी दुकानदार देव पाण्यात घालून बसत.

“तशी वाईट नाही,” ते पुटपुटले. “मला वाटतं, आता...”

काकूंनी श्वास रोखला. थोरल्यानंही रोखला.

“जावईबापू,” पडवीतून आवाज आला, “पलीकडच्या बोटीच्या बाकांची उंची बघितली का हो? म्हाताऱ्या माणसाचे पाय लोंबकळायला नकोत.”

“बाकांची उंची!” तपासनिसांनी कपाळावर हात मारला. “चल गं.”

“नाना!” काकू जवळजवळ किंचाळल्या. “तुम्ही खुर्चीत बसणार आहात! तुम्हाला बाक कशाला हवंय?”

पण तोवर मोटार सुरूही झाली होती.

वळणावळणाचा रस्ता पुन्हा सुरू झाला. तपासनीस बाकांविषयी बोलत होते. काकू तलावाकडे पाठ फिरवून डोंगराकडे बघत बसल्या, कारण पाणी दिसलं की त्यांना आपला शब्द आठवायचा आणि शब्द आठवला की भडभडून यायचं. हे वर्ष असंच जाणार. पुढचं वर्ष नानांच्या वाट्याला असेल नसेल. आणि हा माणूस बाकाची उंची मोजणार!

पलीकडच्या काठावर हिरवी बोट धक्क्याला संथ डुलत होती. धाकटा नेहमीसारखा घामाघूम होता आणि नेहमीसारखाच म्हणाला, “आत्ताच धुवून पुसून ठेवली, साहेब. त्या अलीकडच्या लबाडाकडे जाऊन आलात? त्याची निळी म्हणजे नुसता देखावा.”

तपासनीस बाकांना भिडले. काकू सवयीनं मागच्या बाकावर टेकल्या. हात सवयीनंच गादीवरून फिरला.

कोपऱ्यात नारिंगी टाके होते.

काकूंना आधी वाटलं, आपल्याला ऊन लागलंय. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. वीतभर शिवण, बारीक उलटे टाके, शेवटी दुहेरी गाठ. आईला आपलं पोर जसं गर्दीत पाठमोरंसुद्धा ओळखू येतं, तसा शिवणाऱ्या बाईला आपला टाका. यात चूक होणं शक्य नव्हतं. त्यांनी वर बघितलं. हिरवं छत कठड्याला खटक्यांनी अडकवलेलं होतं. चार खटके काढले की छत हातात. खाली बघितलं. दोर ओला होता. इंजिनाला हात लावला. कोमट!

म्हणजे निळी आणि हिरवी अशा दोन बोटी नव्हत्याच. बोट एकच होती. हे दोघं नवरा-बायको धूळ खात डोंगराला वळसा घालून येत होते, तोवर ही बया पाण्यावरून सरळ, छत बदलून, त्यांच्या आधी हजर होत होती. आणि घरातला सगळ्यात चोख माणूस एकाच बोटीला तिच्याशीच ताडून बघत होता आणि त्यातही फरक काढत होता. अर्थात! या काठावर ती उलट्या तोंडानं बांधतात, म्हणून कधी डावीकडे कलते, कधी उजवीकडे.

“अरेच्चा!” तपासनीस इंजिनापाशी ओरडले.

त्यांच्या नजरेसमोर खडूची खूण होती. एक गोल आणि गोलात बरोबर.

काकू मनात म्हणाल्या, संपलं. आता हा माणूस आकाशपाताळ एक करणार. पोलीस, कचेऱ्या, तक्रारी आणि शेवटी बोट नाहीच. धाकटा तर पांढराफटक पडून धक्क्यावर उभा होता.

तपासनीस खुणेजवळ वाकले. एकदा डावीकडून बघितलं, एकदा उजवीकडून. मग कमरेवर हात ठेवून सरळ झाले.

“पाहिलंस? इथे आणखी एक तपासनीस येऊन गेलाय. माझीच पद्धत आहे त्याची. जुना, खात्यातला माणूस असणार.” ते पुन्हा वाकले. “हात मात्र माझ्याइतका वळणदार नाही.”

काकूंनी डोळे मिटले आणि हळूच उघडले. धाकटा मटकन खाली बसला.

“तुम्ही बाकं मोजा,” काकू म्हणाल्या. “मी जरा याच्याशी बोलून येते.” आणि त्यांनी धाकट्याला असा डोळा दाखवला, की तो मुकाट्यानं त्यांच्यामागून दुकानाच्या मागच्या अंगाला आला.

“किती दिवस चाललंय हे?”

“वहिनी, पाया पडतो,” धाकटा कुजबुजला. “कंपनी दाखवायला एकच बोट देते हो. मागणी आली की नवी कोरी मागवतो आम्ही, त्यात लबाडी नाही. पण दुकान एकच असलं, की गिऱ्हाईक म्हणतं, दुसरीकडे बघून येतो, आणि जातं ते जातंच. दोन असली, की आम्हा दोघांपैकीच एकाकडे घेतं. कुणाकडेही घेतलं तरी घरातच येतं.”

“आणि तुमचं ते भांडण? साता जन्मांचं वैर?”

“ते गिऱ्हाइकापुरतं. रात्री जेवायला एकत्रच असतो.”

“थांब, तुम्हा दोघांना चांगली...” असं म्हणत काकूंनी मागच्या खोलीचं दार ढकललं, आणि त्या उंबऱ्यातच थांबल्या.

खोलीत खिडकीशी चाकाची खुर्ची होती. खुर्चीत नाना होते. चापून बसवलेले केस वाऱ्यानं पार विस्कटले होते, विजारीचे काठ भिजले होते आणि हातात बिस्किट होतं. ते चहात बुडवून नानांनी तोंडात टाकलं आणि मगच लेकीकडे बघितलं.

“आलीस?” ते म्हणाले. “बाकं ठीक आहेत ना?”

“नाना! तुम्ही इथे कसे?”

“कसा म्हणजे? बोटीनं.”

काकू स्टुलावर बसल्या. नानांनी सगळं सांगून टाकलं, आणि सांगताना त्यांना तीळमात्र लाज वाटत नव्हती. पहिल्याच दिवशी, मोटार वळणाआड गेली न गेली, तोच थोरल्यानं छत उतरवलं आणि दोर सोडायला घेतला. नाना पडवीतून म्हणाले, कुठे रे निघालास? थोरला रडकुंडीला आला, पाया पडला, जावयाला सांगू नका म्हणाला. नाना म्हणाले, नाही सांगत, पण मलाही घे. फळी टाकली, खुर्ची आत. तेव्हापासून प्रत्येक खेपेला ते जाऊन येऊन तलाव ओलांडत होते.

“अहो, पण पडला असतात म्हणजे?”

“पडायला ती काय होडी आहे? ओटा आहे ओटा. आणि हल्ली थोरला, तो मागे निळं छत घेऊन लपलाय बघ, मला सुकाणूचं चाक धरू देतो. मधल्या खडकापाशी त्याला घेता येत नव्हतं, मीच शिकवलं.”

“आणि मी तिकडे जीव टाकतेय! रोज मनात म्हणते, नानांना दिलेला शब्द काही पाळता आला नाही. एका शब्दानं सांगायचं नाही? वर त्या बाकांचं नि दाराचं काढून यांना पिटाळताय!”

नानांनी कपातलं उरलेलं बिस्किट चमच्यानं काढलं.

“पोरी, तुझा नवरा देवमाणूस आहे, पण घेतली की ती त्याची बोट होईल. मग मला मधोमध बसवतील. वारा मोजतील, लाटा मोजतील, चाकाला हात लावू देणार नाहीत. जितके दिवस त्याची निवड चाललीय, तितके दिवस मी नावाडी आहे. म्हणून आपलं जरा लांबवत होतो.”

काकूंना रडू आलं आणि हसूही आलं. दोन्ही एकदम आल्यामुळे दारात एकमेकांना अडून बसलं आणि काहीच नीट बाहेर पडेना. इतक्या दिवसांचा सगळा वैताग, ती वळणं, ती धूळ, ते सुताभर उंच कठडे, कुणावर काढायचे तेच त्यांना समजेना. त्यांनी पदर तोंडाला लावला, मग पदरानंच नानांचे केस सारखे केले.

“ऐका,” त्या शेवटी म्हणाल्या. “वाऱ्याचे दिवस लागेपर्यंत चालू द्या. मग बोट घ्यायची, आणि चाक तुमच्याच हातात राहील. यांच्याकडे मी बघते. आणि तू रे,” त्या धाकट्याकडे वळल्या, “येताना-जाताना नानांना छत्री लावायला सांग त्या थोरल्याला. आणि बाकाच्या गाद्या किती ठिकाणी उसवल्यात ते बघ, लाज वाटते का जरा!”

एवढ्यात धक्क्यावरून हाक आली. “अगं, कुठे आहेस? ये लवकर! ठरलं!”

काकू धावतच गेल्या. तपासनीस बोटीच्या मधोमध उभे होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं, जे काकूंनी फ्रीज घरात आला त्या दिवसानंतर बघितलं नव्हतं. उजव्या हातात खडू होता. तो पत्र्याकडे, गोलाच्या खाली, रेघ मारायला निघाला होता.

“हिरवीच. एवढ्या जुन्या माणसानं बघितलीय म्हणजे शंकाच नको. तू म्हणतेस तेच खरं, किती दिवस घालवायचे!”

हे वाक्य ऐकायला काकूंचे कान आसुसले होते. आज सकाळपर्यंत त्यांनी ते ऐकून खडीसाखर वाटली असती.

“अहो, थांबा,” त्या म्हणाल्या. “एवढी कसली घाई?”

तपासनिसांचा हात हवेतच राहिला. “काय म्हणालीस?”

“नाही, म्हणजे, त्या माणसानं गोल केलाय, बरोबर केलंय. पण खाली रेघ कुठे आहे?”

तपासनीस वाकले. रेघ नव्हती. त्यांनी पत्र्यावरून बोट फिरवून बघितलं, पुसली गेलीय का ते. नव्हतीच.

“म्हणजे त्यानं बघितली,” काकू हळूच म्हणाल्या, “पण पास नाही केली.”

तपासनीस त्या खुणेकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान ओसरत गेलं आणि तिथे आदर आला.

“खरंच की! एवढा चोख माणूस, आणि अडखळला. काहीतरी आहे या बोटीत. मला दिसलं नाही, त्याला दिसलं.” त्यांनी खडू खिशात ठेवला. “शाबास! इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा तुला माझी दृष्टी आली बघ. चल, निळी पुन्हा बघून घेऊ.”

“चला,” काकू म्हणाल्या. “आणि मोटार जरा हळू चालवा. नाना दमलेले असतील, त्यांना जरा वेळ मिळू दे.”

“बसून बसून कसले दमतात?”

“तेही खरंच.”

परतीच्या रस्त्यावर काकू तलावाच्या बाजूला तोंड करून बसल्या होत्या. उंचावरच्या वळणावर सगळा तलाव एकदम समोर आला, आणि तपासनिसांनी करकचून ब्रेक दाबला.

“ते बघ! ती बघ बोट!”

मधल्या खडकाला सुरेख वळसा घालून एक पाँटून बोट येत होती. छत नव्हतं. ना निळं, ना हिरवं. एक माणूस मागे वाकून कसलंतरी कापड उलगडत होता, आणि चाकापाशी कुणीतरी ताठ बसलं होतं, एका हातात छत्री धरून.

तपासनीस मोटारीतून उतरून कठड्याशी गेले. “चाल बघ तिची! डावीकडे कलत नाही, उजवीकडे कलत नाही. आणि चालवणाऱ्याचा हात बघ. याला म्हणतात बोट! आपण उगाच त्या दोन भिकार बोटींच्या मागे लागलो. या माणसाला गाठून विचारलंच पाहिजे, की बाबा, पारखलीस कशी आणि घेतलीस कुठून?”

काकूंनी कपाळाला हात लावला. तो हात तसाच डोळ्यांवर आडवा धरून त्यांनी पाण्याकडे बघितलं. चाकापाशी बसलेल्या माणसानं छत्री वर करून हलवली.

“विचारा की,” त्या म्हणाल्या. “रात्री जेवताना विचारा.”

पण तपासनिसांचं लक्ष नव्हतं. टेप काढून, एक डोळा मिटून, ते लांबूनच त्या तिसऱ्या बोटीची लांबी मोजत होते.